शैली त्यांची, साधेपणा आमचा?

मराठी विषय घेऊन एम. ए. करणाऱ्या कुठल्याही मुलीची वही उघडून पाहा. लेखक आणि त्यांची शैली या प्रश्नाची तयार उत्तरे तिथे ओळीने मांडलेली सापडतील. विष्णुशास्त्री चिपळूणकर : ओजस्वी, धारदार, उपहासगर्भ. शि. म. परांजपे : वक्रोक्तिपूर्ण. ना. सी. फडके : लालित्यपूर्ण, तंत्रशुद्ध. जी. ए. कुलकर्णी : गूढ, प्रतिमासमृद्ध. भालचंद्र नेमाडे : बंडखोर, रूढ भाषेची मोडतोड करणारी. आता पान उलटून बायकांकडे या. रमाबाई रानडे : प्रांजळ. लक्ष्मीबाई टिळक : साधी, सहज, निर्मळ. बहिणाबाई चौधरी : उत्स्फूर्त, अकृत्रिम. बेबीताई कांबळे : रोखठोक, अनलंकृत.

मीही याच विषयाची विद्यार्थिनी आहे आणि ही विशेषणे मीही पाठ केलेली आहेत. ती एकाखाली एक लिहून पाहिली की एक गोष्ट लख्ख दिसते. पुरुषांपुढची विशेषणे त्यांनी भाषेशी काय केले ते सांगतात. बायकांपुढची विशेषणे त्यांनी काय केले नाही ते सांगतात. कृत्रिमता आणली नाही, अलंकार वापरले नाहीत, आडपडदा ठेवला नाही. जणू पुरुष लिहितो आणि बाईकडून लिहिले जाते! त्याच्याजवळ शैली असते, हिच्याजवळ नुसता स्वभाव असतो.

याला कुणी निंदा म्हणणार नाही. ही स्तुतीच आहे, आणि म्हणूनच ती जास्त घातक आहे. निंदेला उत्तर देता येते. 'किती साधे, किती सहज लिहिले आहे हो!' या कौतुकापुढे बाईने काय बोलायचे?

सहज म्हणजे काय?

मैत्रिणींनो, 'सहज' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे आजारपण, सासूसासऱ्यांची सेवा हे सगळे बाई 'सहज' करते, ते तिच्या रक्तातच असते, असे म्हणत म्हणत तिच्या श्रमाला काम हे नावच मिळू दिले गेले नाही. घरकाम हे काम आहे, हे ठसवण्यासाठी स्त्री-चळवळीला पोस्टर, पथनाट्य, शिबिर, गाणी असे सगळे मार्ग वापरावे लागले. तेच गणित साहित्यात चालू आहे. भाकरी गोल झाली तर तो बाईचा स्वभाव आणि हॉटेलातल्या आचाऱ्याने केली तर ती कला. वाक्य गोल झाले तरी हिशेब तोच.

'स्मृतिचित्रे' घ्या. हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आले. लक्ष्मीबाईंना लिहावाचायला शिकवले ते लग्नानंतर टिळकांनी. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिणार होता, त्यासाठी त्याने आईकडे आठवणी मागितल्या आणि त्यातून हे पुस्तक वाढले. या दोन गोष्टी प्रत्येक प्रस्तावनेत आणि प्रत्येक नोट्समध्ये असतात. त्यातून निष्कर्ष असा काढला जातो की एका फारसे न शिकलेल्या, भाबड्या बाईने आठवेल तसे सांगितले आणि अहो आश्चर्य, अभिजात पुस्तक झाले!

आता पुस्तक हातात घेऊन पाहू. सुरुवात स्वतःच्या जन्माने नाही. सुरुवातीलाच येते ती १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आणि त्या पाठोपाठ वडिलांच्या अंगात शिरलेले सोवळ्याचे वेड. ज्या बाईच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे नवऱ्याचे धर्मांतर, ती गोष्ट सुरू करते बापाच्या सोवळ्यापासून. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी तो स्वीकारला १९०० मध्ये. मधली पाच वर्षे सोवळे-ओवळे त्यांच्या मनातून कसे एकेक पदर सुटत गेले, हे कळण्यासाठी वाचकाला ते आधीचे घर दिसायलाच हवे होते. ही मांडणी भाबडेपणाने होत नाही. कुठून सुरू करायचे हे लेखिकेने ठरवलेले आहे.

दुसरी गोष्ट विनोदाची. टिळकांचा तापटपणा, त्यांचा उधळा दानशूरपणा, घरात दमडी नसताना दारात आलेल्याला देऊन टाकणे, न सांगता निघून जाणे हे सगळे त्या हसत हसत सांगतात. त्या हसण्यात एका बाईची उपासमार आणि फरफट आहे. नवऱ्यावर उघड आरोप करण्याची सोय नसलेल्या काळात, महाराष्ट्रभर पूज्य झालेल्या कवीचे घर आतून कसे होते, हे त्यांनी असे सांगितले की वाचक हसतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो. हे ज्याला साधे वाटते त्याने एकदा तसे एक पान लिहून दाखवावे.

आणि साधेपणा हा जर लक्ष्मीबाईंचा स्वभावच होता, तर 'ख्रिस्तायना'चे काय? टिळकांनी अर्धे सोडलेले हे महाकाव्य पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. म्हणजे जुन्या ग्रंथांच्या धाटणीची पद्यरचनाही त्या करू शकत होत्या. आत्मचरित्रासाठी त्यांनी बोलीच्या जवळचे गद्य निवडले. दोन धाटण्या येत असताना एक निवडणे यालाच शैली म्हणतात, असे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलेले असते. मग ती व्याख्या लक्ष्मीबाईंपाशी येऊन का अडखळते?

आता १९६३ कडे या. 'कोसला' प्रसिद्ध झाली. एका तरुणाने बोलीच्या लयीत, स्वतःची टिंगल करत, तुटक वाक्यांत आपली कहाणी सांगितली आणि मराठी गद्यात क्रांती झाली. ती झाली हे मला मान्यच आहे, 'कोसला' मलाही आवडते. माझा प्रश्न वेगळा आहे. बोलल्यासारखे लिहिणे आणि स्वतःला हसत सांगणे हे एका बाईने त्याआधी तीस वर्षे केलेले होते. तो केला की प्रयोग, आणि तिने केले की घरगुती गप्पा, हा न्याय कुठला? 'कोसला'च्या निवेदनावर आम्हाला स्वतंत्र प्रश्न असतो. 'स्मृतिचित्रे'वरचा प्रश्न असतो : लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रातून दिसणारे टिळकांचे व्यक्तिमत्त्व स्पष्ट करा.

रमाबाई रानड्यांचे तर याहून वाईट. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० चे पुस्तक न्यायमूर्तींच्या चरित्राचे साधन म्हणूनच चाळले जाते. शीर्षकात 'माझ्या' हा शब्द टाळून 'आमच्या' हा शब्द एका विधवा बाईने का घेतला असेल, त्या 'आमच्या'त स्वतःला कुठे लपवले आणि कुठे उघड केले, हा शैलीचा प्रश्न आहे, हे कुणी सांगतच नाही.

त्याचा उपहास, हिचा आक्रस्ताळेपणा

साधेपणाच्या चौकटीत न बसणाऱ्या बाईचे काय होते? ती चौकटीबाहेरच राहते.

सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुषतुलना' लिहून त्याला उत्तर दिले. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने 'सत्सारा'त उभे राहिले. बाकीच्या समाजाने पुस्तक असे गाडले की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत वाचकांना त्याचा पत्ता नव्हता.

ताराबाई आधी वाचक होत्या, हे आपण विसरतो. त्या आपल्या काळची वर्तमानपत्रे, कथापुस्तके, नाटके, पुराणे वाचतात आणि विचारतात की हे लिहिणारा कोण आहे, त्याने बाईला असेच का रंगवले, हीच गोष्ट पुरुषाला लावली तर काय होईल? आज विद्यापीठात 'स्त्रीवादी समीक्षा' या नावाने जे इंग्रजी पुस्तकांतून शिकवले जाते, ते काम मराठीत १८८२ मध्ये झालेले आहे.

आणि शैली? प्रस्तावनेत त्या आपण घरात कोंडलेली मंदबुद्धी बाई असल्याचे सांगून नम्रतेचा पदर पुढे ओढतात आणि पुढच्याच पानांपासून तो पदर खोचून उभ्या राहतात. म्हणी, शिव्या, पुराणातले दाखले, वकिली प्रश्न, समोरच्या पुरुषाला थेट एकेरीत ओढणे हे सगळे त्या एकाच परिच्छेदात करतात. हे वक्तृत्व आहे. लहानसे पुस्तक आहे, पण त्यात दम घ्यायला जागा नाही.

चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. तिच्यात फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची यथेच्छ टवाळी आहे. त्या टवाळीला आम्ही 'उपहासगर्भ शैली' म्हणून गुण मिळवतो. ताराबाईंच्या भाषेबद्दल मात्र वर्गात ऐकू येते ते 'आवेश', 'अतिरेक', 'आक्रस्ताळेपणा'. वरच्या जातीच्या, शिकलेल्या पुरुषाचा राग म्हणजे ओज, आणि बाईचा राग म्हणजे तोल जाणे! बाई रागावली की तिची भाषा बिघडते, हा समज घरातून आला की साहित्याच्या इतिहासातून, हे सांगणे कठीण आहे. दोन्हीकडे तो सारख्याच सुखाने नांदतो आहे.

चमत्कार आणि दस्तऐवज

सवर्ण, शिकलेल्या बाईला निदान 'प्रांजळ' हे प्रमाणपत्र मिळते. शेतकरी आणि दलित बाईसाठी दोन वेगळे कप्पे आहेत. एक 'चमत्कार' आणि दुसरा 'दस्तऐवज'.

बहिणाबाई चौधरी हा चमत्कार. त्यांचा जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा. लिहितावाचता येत नव्हते. त्या रचत आणि गात, सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी ते टिपून ठेवले, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' आली. तेव्हापासून आजवर निरक्षर बाईला हे सुचले कसे, हाच कौतुकाचा विषय. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि त्याचा आनंदच आहे. पण चमत्कार म्हटला की अभ्यास संपतो. चमत्काराचे व्याकरण कुणी शोधत नाही.

बहिणाबाई कुठल्या शाळेत शिकल्या, याचे उत्तर आहे : जात्यावर. ओवी ही पिढ्यान् पिढ्यांची शाळा आहे. तिथे मात्रा आहेत, यमक आहे, एकीने उचललेली ओळ दुसरीने पुरी करण्याची रीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांसोबत ऐंशीच्या दशकापासून दळणाच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. म्हणजे ज्या बायकांना आपण मुक्या म्हणत होतो, त्यांच्याकडे एक अख्खे वाङ्मय होते. बहिणाबाई त्या वाङ्मयातून वर आलेल्या आहेत. त्यांना एकटे, आभाळातून पडलेले नवल ठरवले की त्यांची शाळाही पुसली जाते आणि शाळेतल्या बाकीच्या हजारो जणीही.

आणि बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार हे 'दस्तऐवज'. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर जे लिहिले जाते त्यात 'सामाजिक दस्तऐवज म्हणून मोल मोठे' हे वाक्य नेमाने येते. त्यातला 'म्हणून' लक्षात घ्या. दस्तऐवज म्हणून मोठे, म्हणजे साहित्य म्हणून नाही. 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. बेबीताईंनी ते फलटणला दुकान सांभाळता सांभाळता लिहिले आणि कितीतरी वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. आत्मकथन म्हटले की वाचक 'मी' शोधतो. इथे 'मी' क्वचितच भेटतो. सगळीकडे 'आम्ही' आहे, महारवाडा आहे, सासुरवाशिणी आहेत, आंबेडकरांच्या हाकेने उठलेली वस्ती आहे. ज्या बाईचे सगळे जगणे वस्तीने आणि जातीने ठरवले, तिची गोष्ट 'मी'ने सांगता येत नाही, हे ओळखून तिने सर्वनामच बदलले. फ्रेंच कादंबरीकाराने सर्वनाम बदलले असते तर आम्हाला त्यावर चर्चासत्र झाले असते!

ऊर्मिला पवारांनी २००३ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, टोपल्या. त्यांची आई ते विणून घर चालवत होती. आईचे विणणे आणि आपले लिहिणे एकाच जातीचे काम आहे, हे त्या शीर्षकातच सांगतात. आपल्या शैलीबद्दल एवढ्या नेमकेपणाने बोलणाऱ्या लेखिकेला 'अनलंकृत' म्हणून वाटेला लावायचे?

मानाच्या जागांचा हिशेबही याच्याशी जुळतो. पहिले मराठी ग्रंथकार संमेलन १८७८ चे. अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, आल्या १९६१ मध्ये. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, आणि २०२५ च्या दिल्लीच्या ९८ व्या संमेलनात तारा भवाळकर. सहा जणी. साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ मध्ये सुरू झाले, तो मान मराठीत बाईला पहिल्यांदा मिळाला १९६८ मध्ये, इरावती कर्व्यांना 'युगान्त'साठी. 'साध्या' लेखनाचे कौतुक सगळेच करतात. खुर्ची मात्र शैलीवाल्यांची.

शैली हे चोचले आहेत का?

इथे चळवळीतली एखादी ताई म्हणेल, 'हे सगळे ठीक आहे, पण आपल्यापुढे हुंडाबळी आहेत, बलात्कार आहेत, रेशनचे प्रश्न आहेत. शैली-बिली हे एम. ए. च्या पोरींचे चोचले. आशय महत्त्वाचा.'

तर ताई, पोलीस स्टेशनातला जबाब आठवा. बाई सांगते, 'त्यानं मला जनावरासारखं मारलं, पोरांच्या देखत मारलं, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मारलं.' कागदावर उतरते, 'किरकोळ कारणावरून शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली.' बाईच्या वाक्यात पोरे आहेत, भाजी आहे, जनावर आहे. कागदावरच्या वाक्यात यांतले काहीच नाही, आणि एक नवा शब्द आलेला आहे : किरकोळ. तो तिने उच्चारलेला नव्हता. तो लिहिणाऱ्याच्या शैलीतून आला. पुढे कोर्टात तिच्या तोंडचे आणि कागदावरचे जुळत नाही, आणि वकील म्हणतो, बाई खोटे बोलते. शैली कुणाची चालते यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवली पाहिजे आणि तिची प्रत मोफत दिली पाहिजे, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही आहे. कायद्यालासुद्धा ठाऊक आहे की बोलणारीचे शब्द आणि लिहिणाऱ्याचे शब्द यांच्यात अंतर पडते.

आणि आपली चळवळ पेटली कशातून? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नाही, म्हणजे संमती, अशी त्या निकालाची वाट होती. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांनी काय केले? निकाल वाचला. एकेक शब्द धरून वाचला. संमती आणि नाइलाजाने गप्प राहणे या दोन गोष्टी एकाच शब्दात कशा कोंबल्या, हे दाखवून दिले. ते पत्र हातोहात फिरले, १९८० मध्ये शहरोशहरी बायका रस्त्यावर आल्या, बलात्कारविरोधी मंच उभे राहिले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. देशातल्या स्त्री-चळवळीचा एक मोठा अध्याय एका मजकुराच्या बारकाईने केलेल्या वाचनातून सुरू झालेला आहे. वाचन हे लढ्याआधीचे किंवा लढ्यानंतरचे काम नाही. ते लढ्याच्या आतले काम आहे.

आणि आपण?

आता आपल्या घरात पाहू. कारण विद्यापीठाला नावे ठेवणे सोपे आहे.

आपल्या अहवालांत, पुस्तिकांत, आपल्याच नियतकालिकांत वस्तीतल्या, पाड्यावरच्या, शेतमजूर बायका बोलतात. किंवा बोलताना दिसतात. वर शीर्षक असते, मधे तिचे चार ओळींचे 'बोलके' उद्गार असतात, खाली आपले विश्लेषण असते. तिचा अनुभव, आपली मांडणी. तिचे बोलणे तिरप्या अक्षरात, आपले सरळ अक्षरात. 'शब्दांकन' या नावाखाली तिची पुनरुक्ती काढून टाकली जाते, तिचा विषयांतराचा हक्क काढून घेतला जातो, तिने मारलेला विनोद 'गांभीर्याला बाधा नको' म्हणून गाळला जातो, आणि शेवटी तिच्या तोंडी 'पितृसत्ता' हा शब्द येतो. मग आपणच लिहितो : किती साध्या शब्दांत तिने केवढे मोठे सत्य सांगितले!

हवालदाराच्या 'किरकोळ'मध्ये आणि आपल्या 'साध्या'मध्ये हेतूचा फरक मोठा आहे, हे मी जाणते. पण लेखणी दोन्हीकडे दुसऱ्याच्या हातात आहे. पुनरुक्ती ही बोलणारीची चूक नसते. एकच गोष्ट तीनदा सांगणारी बाई पहिल्यांदा काय झाले ते सांगते, दुसऱ्यांदा कुणी पाहिले ते सांगते आणि तिसऱ्यांदा कुणी विश्वास ठेवला नाही ते सांगते. तीन वेळा एकच वाक्य नसते ते. विषयांतर करून ती म्हशीच्या आजारपणाकडे वळते, तेव्हा ती टाळाटाळ करत नसते. मार खाल्ला त्या दिवशी घरात पैसा का नव्हता, ते ती सांगत असते. हे ऐकू येण्यासाठी ताराबाईंसारखे वाचावे लागते. आपण तिला निरागस समजून वाचतो.

म्हणून माझ्या काही ठाम मागण्या आहेत.

मराठीच्या प्राध्यापकांकडे मागणी : 'साधी', 'सहज', 'प्रांजळ', 'भाबडी', 'उत्स्फूर्त' हे पाच शब्द बाईच्या लेखनासाठी निदान पाच वर्षे वापरू नका. त्यांच्याशिवाय बोलायचे ठरवले की पुस्तक उघडावेच लागेल. सुरुवात कुठून केली, काय गाळले, कुठे हसली, कुठल्या सर्वनामात बोलली, हे सांगावे लागेल. परीक्षेतही तेच विचारा. लेखिकांचे प्रकरण इतिहासाच्या शेवटी वेगळे काढू नका. गद्यशैलीच्या प्रकरणात चिपळूणकरांशेजारी ताराबाई बसू देत, आणि विद्यार्थ्यांना ठरवू दे कुणाचा वार जास्त नेमका आहे.

माझ्यासारख्या विद्यार्थिनींकडे मागणी : तयार नोट्समधले विशेषण उतरवून घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. हेच वाक्य पुरुषाने लिहिले असते तर मी त्याला काय म्हटले असते? १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ती फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी होती, वयाने आपल्याहून कितीतरी लहान. तिने धर्मग्रंथ कुणाचा आणि आम्हाला तो वाचायचाही अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा सरळ हिशेब मागितला. मराठीतल्या विद्यार्थिनीचे वाचनावरचे चिंतन म्हणतात ते तिथून सुरू होते. विशेषणे पाठ करणे ही त्या परंपरेची थट्टा आहे.

आणि आपल्या गटांकडे, संघटनांकडे मागणी : ज्या बाईचे बोलणे छापाल तिची इच्छा असेल तर लेखिका म्हणून तिचे नाव वर छापा, आणि शब्दांकन करणारीचे खाली. नाव देणे तिला धोक्याचे असेल, तर काय नाव घ्यायचे ते तिला ठरवू द्या. छापण्याआधी मजकूर तिला वाचून दाखवा आणि तिने 'मी असं नाही बोलले' म्हटले तर तो बदला. तिची बोली प्रमाणभाषेत इस्त्री करून घालू नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोकणी, पावरी, भिली, जशी असेल तशी येऊ द्या. कळायला दोन मिनिटे जास्त लागली तर वाचणारीला लागू देत. आणि शिबिरात जेव्हा एखादी मावशी एखादा प्रसंग सांगून सगळ्यांना रडवते किंवा हसवते, तेव्हा 'किती आतून बोलली' म्हणून टाळ्या वाजवून पुढच्या सत्राकडे वळू नका. तिला विचारा, 'मावशी, तो शेवट तुम्ही आधी का नाही सांगितला?' ती सांगेल. तिला ठाऊक असते. कुणी कधी विचारलेले नसते, एवढेच.